अर्ध्या इंचाची आई

जळगावात आमचं छपाईचं दुकान आहे आणि त्याच्या बोर्डावरचा मजकूर माझा आहे. नवं मशीन आलं तेव्हा मोठ्या हौसेनं मीच लिहिलं होतं, '२४०० डीपीआय! कोणताही फोटो, कोणत्याही साइजमध्ये, एकदम स्पष्ट.' गिऱ्हाईक आकड्याला भुलतं. मीही भुलू दिलं.

अक्षय्य तृतीयेच्या, आमच्याकडच्या आखाजीच्या, चार दिवस आधी आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडच्या आमच्या गावाहून मला माहेरी न्यायला आले. आई गेल्यानंतरची ही पहिलीच आखाजी. पितरांची घागर भरायची आणि यंदा घागरीमागे आईचा मोठा फोटो ठेवायचा, असं आबांनी अख्ख्या भावकीला सांगून टाकलं होतं. मोबाइल माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "हाई दख. यामा तुनी माय शे."

कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो होता, व्हॉट्सॲपवर दहा जणांकडून फिरत आलेला. मागच्या रांगेत, एका फेट्याआडून आई बघत होती. आधार कार्डावरही तिचा फोटो होता, पण तो पाहिला की आबा म्हणायचे, "हाई ती नई."

मी चेहरा मोठा करून पाहिला. आडवे मोजून जेमतेम दीडशे पिक्सेल. जे गिऱ्हाइकांना सांगायचं मी कायम टाळलं, ते आता आबांना सांगायचं होतं. डीपीआय म्हणजे मशीन एका इंचात शाईचे किती बारीक ठिपके टाकू शकतं, एवढंच. ठिपके मशीनचे, पण चेहरा फोटोतच असावा लागतो. फोटोत पापणीच नसेल तर मशीन ती कुठून आणणार? हातात धरून बघायचा फोटो नीट यायला इंचाला तीनशे पिक्सेल तरी हवेत. म्हणजे माझ्या आईचा चेहरा अर्धा इंच. त्यापुढे नुसती ताणाताण.

"आबा, मोठा नई व्हनार."

"बाहेर बोर्डवर तूच लिखेल शे ना?"

बाहेर माझा बोर्ड, समोर स्टुलावर आबा, आणि काउंटरमागे मी. सुटायला जागाच नव्हती. स्वतःचाच राग राग करत मी तो चेहरा पानभर केला आणि मशीन सगळ्यात वरच्या सेटिंगला लावलं. कागद इंच इंच बाहेर येत होता आणि आबा त्याच्यावरची नजर काढत नव्हते. पूर्ण झाल्यावर मी सवयीनं भिंग लावून पाहिलं. ठिपके सुरेख, एकही फुटलेला नाही. मशीननं धुकं अगदी उत्तम छापलं होतं.

आबांनी कागद लांब धरला, मग जवळ धरला. "हाई कोन शे?" त्यांनी विचारलं.

मला रडू आवरेना. डोळे पुसत मी तोच चेहरा अर्ध्या इंचाचा छापला आणि कापून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी लगेच ओळखलं.

"हाईच! हाईच शे ती." मग म्हणाले, "पन इतलीशी? भावकीले कशी दखाडू?"

मी माझा मोबाइल उघडला. त्यात माझ्या मुलीचे शेकडो फोटो आहेत, निम्मे तरी आईच्या मांडीवरचे. मोठे, लख्ख, भिंतीएवढे छापले तरी चालतील असे. प्रत्येकात मुलीला धरलेले आईचे दोन हात आहेत. मनगटावरचं गोंदण आहे, बांगड्या आहेत, नखांतली हळदसुद्धा दिसते. चेहरा एकातही नाही. "माय, जराशी मांगे सरक, तू फोटोमा येस," असं दर वेळी मीच म्हणायचे, आणि ती हसून मागे सरकायची.