लावणीतली हजेरी

कारखान्यांसाठी हजेरीचा प्रोग्रॅम मी लिहिला. माझ्या भागीदाराने त्याची फ्लॉपी मुंबईला नेली, पडद्यावरचं माझं नाव काढून स्वतःचं घातलं आणि तिकडे तो विकला. हे मी विसरलेलो नाही, विसरायचा विचारही नाही.

मग बोईसरला गिऱ्हाईक मीच शोधलं. औषधाच्या गोळ्या पॅक करणारा एक लहान कारखाना होता. शेठशी भांडभांडून ठरवलं: माझा कॉम्प्युटर गेटवर ठेवतो, दसऱ्यापर्यंत वापरा, पटला तर प्रोग्रॅम घ्या. नाही पटला, तर जी सुपरवायझरची नोकरी मी तोऱ्यात सोडली होती ती परत मागायला जावं लागणार, हे त्याला सांगितलं नाही.

आषाढात पॅकिंगच्या बायका भाताच्या लावणीला आपापल्या पाड्यांवर गेल्या. त्यांची रजा मी ऐटीत नोंदवली. दुसऱ्या दिवशी त्यांचेच नंबराचे बिल्ले लावून त्यांच्या जावा-नणंदा गेटवर हजर. कॉम्प्युटर प्रत्येकीला ‘रजेवर’ म्हणून अडवू लागला. आत पॅकिंगचा पट्टा बंद, बाहेर रांग.

"हा नंबर रजेवर आहे. मग तू कोण?" मी एकीवर ओरडलो.

"तिची जाव. ती भातात हाय, मी हितं. दर साली असंच असतं. तुमच्या टीव्हीला कोनी सांगितलं नाय?"

रांग हसली. शेठ हसला नाही. "उद्या जमलं नाही तर हा डबा उचल. रजिस्टर काय वाईट होतं?"

"रजिस्टर खोटं बोलत होतं."

"पण गेट उघडत होतं."

घरी येऊन मी त्या बायकांचा उद्धार केला. आई सुकट निवडत होती. आम्ही माकुणसारकडचे, ती पूर्वी भातगिरणीत कामाला होती.

"मी लावणीला जायची तवा गिरणीत कोन उभं राहायचं?" तिने विचारलं.

"काकी."

"आनि सांजच्याला येऊन तुला जेवू कोन घालायचं? तिचं नाव कदी कोनी लिवलं?"

काकीच्या बोटांना कोंड्याचा वास असायचा. घास घेताना तो आधी यायचा.

मी प्रत्येक नंबराखाली बदलीची, म्हणजे जागेवर आलेल्या बाईच्या नावाची, ओळ घातली. सकाळी गेटवर नावं विचारली, तर बहुतेक जणी सवयीने जावेचंच नाव सांगत.

"तुझं सांग."

"माजं कशाला?"

पण सांगितलं. पट्टा सुरू झाला.

लावणी संपल्यावर कॉम्प्युटरला टीव्ही म्हणणारी ती जाव परत निघाली, तेव्हा गेटवर थांबली. "आता माजं नाव पुसनार?"

"नाही."

"कंचं हाय ते?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. ती बघत राहिली.

दसऱ्याआधी शेठने सौदा काढला. "बदलीची ओळ काढ. एका नंबरावर दोन नावं बरी दिसत नाहीत. मग घेतो."

एरवी मी काहीही सोडून काहीतरी पदरात पाडलं असतं. त्या दिवशी आवाज चढला. "नाव काढलं की कसं वाटतं, ते मला विचारा. ओळ राहील. नको असेल तर डबा आत्ता उचलतो."

शेठने चहा संपवला. "राहू दे ओळ. घेतो. लावणी दर वर्षी येणार."

दसऱ्याला बायकांनी पट्ट्याला, वजनकाट्याला झेंडू वाहिले. डब्यालाही वाहिला. आठवड्यात शेजारच्या कारखान्याचा मॅनेजर विचारत आला, "ते जावांचं मशीन तुमचंच का?"

माझंच, म्हटलं.