आमची बाई इराककडून

मी चौथी पास. नाशिकच्या मखमलाबाद रोडला आमचा दीड एकराचा मळा, त्यात गुलाब, निशिगंध आणि शेवंती. माझं आजवरचं लिखाण म्हणजे कुवेतहून बायकोला पाठवलेली पत्रं, बस. ती गेली. आता पत्र पाठवायला कोणी उरलं नाही, म्हणून हे सगळ्यांसाठी लिहितोय. शुद्धलेखन नातीनं तपासलंय. खरं-खोटं मी तपासलंय, आणि तेच जास्त गरजेचं होतं, कारण ही हकीकत माझ्याच एका खोट्याची आहे.

धाकट्या भावाच्या हातात मळा देऊन मी कुवेतला माळीकामाला गेलो होतो. सहा वर्षं एकाच बंगल्यावर काढली. मालकाच्या तिन्ही पोरांना फुटबॉलचं वेड. मागच्या हिरवळीवर खेळायचे आणि माझी हिरवळ उखडून ठेवायचे. मी ओरडायचो, ते हसायचे. कुवेतची मॅच असली की मालक ड्रायव्हर, आचारी, मी, सगळ्यांना आत बोलवायचा. गालिच्यावर बसून आम्ही टीव्ही बघायचो. तिथंच मला हा खेळ कळला. थोरल्या पोरानं मला कुवेतच्या टीमचा निळा शर्ट दिला. ज्याचं मीठ खातो त्याची टीम आपली, एवढं साधं गणित होतं माझं.

नव्वद साली ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. मालकाचं कुटुंब उन्हाळ्याचं बाहेरदेशी गेलेलं, ते तिकडंच अडकलं. बंगल्यात आम्ही नोकर. चौथ्या दिवशी सैनिक आले. माझी पत्र्याची पेटी त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत उचलली. त्यात बाईसाठी, म्हणजे बायकोसाठी, केलेल्या चार बांगड्या होत्या. मी हात जोडले, तर एकानं बंदुकीच्या दस्त्यानं ढकललं. हे खरं आहे. यात काही वाढवलेलं नाही.

काही आठवड्यांनी निरोप आला की अमुक चौकातून सकाळी आपल्या लोकांची बस इराकातल्या बसऱ्याला निघणार. तिथून बगदाद, जॉर्डन, मग विमान. सगळे पहाटेच निघाले. मी मात्र म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी तासाभरात आलो. का थांबलो? पाणी द्यायला. नळाला त्या दिवशी पाणी आलं होतं, आणि मी लावलेली गुलाबाची चाळीस कलमं तीन दिवसांची तहानलेली होती. त्यांना तसंच टाकून निघवेना. हा मूर्खपणा माळ्याशिवाय कोण करणार? कलमांना पाणी देऊन चौकात गेलो तर बस गेलेली.

मग मी बसऱ्याच्या रस्त्यानं चालत निघालो. अंगात काय, तर तोच निळा शर्ट. दुसरा धड शर्ट राहिलाच नव्हता. दुपारी इराकी सैन्याचा एक ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हर गणवेशातला, माझ्याच वयाचा, दाढीचे खुंट वाढलेला. मला वाटलं, संपलं. त्यानं शर्टाकडं बघितलं आणि म्हणाला, "गाढवा, तो शर्ट काढ. तू मरशीलच, मलाही मारशील." बागेत काम करून करून मला अरबी कामापुरती येत होती. मी शर्ट काढला. त्यानं तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि मला परत घालायला लावला. सीटमागं ताडपत्रीखाली बसवलं. दोन ठिकाणी ट्रक अडवला. दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी ताडपत्री उचलली, तर हा शांतपणे म्हणाला, "आमच्या साहेबाचा माळी आहे." मी माळी आहे हे त्याला माहीत नव्हतं. माझ्या नखांतली माती बघून बोलला असेल.

त्याच्याकडं एकच खुबूस होती, म्हणजे तिकडची रोटी. अर्धी त्यानं मला दिली. पाण्याची बाटली तर अख्खीच माझ्याकडं सरकवली. वाटेत त्यानं विचारलं, "तुझी टीम आमच्याशी शेवटची मॅच जिंकली का हरली?" मी भीतीनं म्हणालो, "हरली." तर स्टेअरिंगवर हात मारून हसला, "खोटारड्या!" बसऱ्याच्या अलीकडं त्यानं मला उतरवलं, आपले लोक कुठं थांबलेत ते दाखवलं आणि वळून गेला. मी त्याचं नाव विचारलं नाही. सुटल्याच्या घाईत तेवढं सुचलं नाही.

मुंबईला उतरून एसटीनं घरी आलो. बाईला सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं. बांगड्या गेल्याचं ऐकून तिनं नुसता हात हलवला. पाणी द्यायला थांबल्याचं ऐकून मात्र भडकली. "मी इकडं पोस्टमनच्या सायकलकडं डोळे लावून बसलेली, आणि तुम्ही तिकडं गुलाबांना पाणी पाजत होतात!" मग ड्रायव्हरचं सांगितलं. संध्याकाळी देवापुढं दिवा लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "त्या माणसाचं भलं कर." तेव्हापासून रोज म्हणायची.

महिन्याभरानं नाशिकमध्ये आम्हा परत आलेल्या लोकांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, पुढारी, खचाखच भरलेलं सभागृह. चार शब्द बोला म्हणाले. मी आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात घेतला. पेटीचं सांगितलं, बंदुकीच्या दस्त्याचं सांगितलं. लोक चिडले, च्-च् करायला लागले. मला जोर चढला. म्हणालो, "सगळे चोर! इतक्या उन्हात त्यांच्यातल्या एकानंही मला घोटभर पाणी दिलं नाही!"

टाळ्या थांबेनात. बायकांच्या रांगेतून आमची बाई उठली आणि बाहेर निघून गेली.

घरी आल्यावर तिनं शालीची घडी घालत एवढंच विचारलं, "एकानंही नाही?"

"अगं, बोलण्याच्या भरात..."

"ज्या लोकांपुढं बोललात ना, त्यांच्यापुढंच परत घ्या."

मी घेतलं नाही. कुठल्या तोंडानं घेणार? उलट ते खोटंच माझी ओळख झालं. गल्लीत फुटबॉल कळणारा मी एकटाच, म्हणून वर्ल्डकप आला की पोरं आमच्या पडवीत जमायची आणि मला चावी द्यायची, "तात्या, इराकचं सांगा ना!" मी सांगायचो. दरवेळी वाळवंट मोठं व्हायचं, ऊन वाढायचं, आणि ड्रायव्हर काही गोष्टीत यायचा नाही. बाई आत भांडी आपटायची. त्याचा अर्थ फक्त मला कळायचा.

दोन हजार तीन साली अमेरिकेनं बगदादवर बॉम्ब टाकले. गल्लीतल्या सलूनवाल्याकडं टीव्हीवर ते बघायला गर्दी. "तात्या, बघा, तुमचा बदला घेतला!" असं म्हणून त्यानं मला खुर्ची दिली. पडद्यावर आकाश नुसतं लाल होत होतं. मी बसलो नाही. घरी आलो तर बाई म्हणाली, "त्यातल्या एखाद्या घरात तो असला तर?" त्या दिवशी मी जेवलो नाही.

दोन हजार सात साल उजाडेपर्यंत तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. न्यायला-आणायला शेजारचा टेम्पोवाला. हाच माणूस आमची फुलं रोज बाजारात न्यायचा. पहाटे माल, दुपारी बाई. पुढच्या सीटवर तिच्या पाठीला उशी लावून द्यायचा आणि खड्डा आला की आधी ओरडायचा, "भाभी, धरून बसा!" त्याचा सख्खा भाऊ सौदीत गवंडीकामाला होता.

त्याच वर्षी जुलैत आशिया कपची फायनल आली, इराक आणि सौदी. मॅच संध्याकाळची. पडवीत टीव्ही मांडला. सलूनवाला दुकान पोरावर सोडून आला, टेम्पोवाला आला, गल्लीतली सहा-सात पोरं आली. बाईला आम्ही दारात खाटेवर बसवलं. आदल्याच दिवशी तिचं डायलिसिस झालं होतं, तोंड सुकलेलं, पण नजर तरतरीत.

टेम्पोवाला आल्या आल्या म्हणाला, "मी सौदीकडून. सांगून ठेवतो."

सलूनवाला म्हणाला, "भाऊ तिकडं म्हणून होय? भाऊ उद्या अमेरिकेत गेला तर?"

"तर अमेरिका. ज्याच्या देशातून आईच्या औषधाचे पैसे येतात, त्याला शिव्या देऊ काय?"

"आणि अणुस्फोट केला म्हणून आपल्यावर बंदी घातली होती अमेरिकेनं, त्याचं काय?"

"ते तू बघ. तुझा भाऊ इथंच हाय, फुकट."

सगळे हसले. एक पोरगं म्हणालं, "मी इराककडून. त्यांचा देश जाळला राव अमेरिकेनं. परवा आधीची मॅच जिंकली म्हणून लोक रस्त्यावर नाचायला आले, तर त्यांच्यातच बॉम्ब फुटले. टीव्हीवर दाखवलं ना."

सलूनवाल्यानं त्याला टपली मारली. "येड्या, तात्यांसमोर इराक म्हणतो? घोटभर पाणी दिलं नाय त्यांनी."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "मी पण इराककडून."

सगळे वळले. "काय काकू! तात्यांच्या दुश्मनाकडून?"

"दुश्मन कोण, ते त्यांनाच विचारा."

नऊ जणांचे डोळे माझ्याकडं. मी म्हटलं, "मॅच बघा." इतकी वर्षं केलं तेच केलं.

हाफटाइमला शून्य-शून्य. मी पाणी घ्यायला आत गेलो. परत येताना तिनं माझ्या बाहीला धरलं. हळू म्हणाली, "अहो, मी काही फार दिवस राहत नाही. मला हे तुमच्या तोंडून एकदा लोकांपुढं ऐकायचंय." ती कधी काही मागायची नाही. बांगड्या गेल्या तेव्हाही मागितल्या नव्हत्या.

दुसऱ्या हाफात मला चेंडू दिसतच नव्हता. इराकच्या पोरांचे पाय दिसत होते. ज्यांच्या घरी रोज कोणी मरतंय ते खेळतायत, आणि काय खेळतायत! मग कॉर्नर आला. एक जण उंच उडाला, डोक्यानं चेंडू आत. इराक एक-शून्य.

मला कळायच्या आत मी उभा होतो आणि ओरडत होतो. टेम्पोवाला तोंड वासून बघत राहिला. "तात्या! पार्टी बदलली?"

मी म्हणालो, "मी खोटं बोललो होतो."

"काय?"

"मला पाणी दिलं होतं. त्यांच्यातल्याच एकानं..."

"ए तात्या, बसा ना खाली!" मागून पोरं ओरडली. "पंधरा-वीस मिनिटं राहिलीत! गोष्ट नंतर सांगा!"

बसलो. सतरा वर्षं घशात अडकलेलं शेवटी बाहेर पडलं, तर मला गप्प बसवलं. बाई तोंडाला पदर लावून हसत होती. तिला तसं हसताना कितीतरी महिन्यांनी बघितलं. ती मिनिटं मला कुवेतच्या रस्त्यापेक्षा लांब वाटली. मध्येच वाटलं, राहू दे, विसरतील. मग तिच्याकडं बघितलं. ती विसरणार नव्हती.

मॅच संपली. इराक जिंकलं. मी टीव्ही बंद केला आणि सगळं सांगितलं. शर्ट, ताडपत्री, अर्धी खुबूस, पाण्याची अख्खी बाटली, आणि नाव न विचारणं. सत्कारात टाळ्यांसाठी खोटं बोललो, हेही सांगितलं.

मग सलूनवाला म्हणाला, "म्हणजे मी गिऱ्हाइकांना एवढी वर्षं खोटंच सांगत बसलो? निम्म्या नाशिकला सांगितलंय मी!"

"आता खरं सांग."

"सांगतो, पण ती पेटी? ती तरी नेली होती का?"

"नेली. तीही त्यांच्यातल्यांनीच नेली. दोन्ही खरं आहे."

टेम्पोवाला खाली बघत होता. म्हणाला, "तात्या, माझा भाऊ पण सांगतो. तिकडं एक मालक पासपोर्ट दाबून ठेवतो, दुसरा पोराच्या बारशाला स्वतः बोलावतो. मग आपण टीम कुठली धरायची?" त्यानं उठून बाईच्या पायाला हात लावला, माझ्या नाही. बरोबर केलं.

सगळे गेल्यावर मला वाटलं, ती आता म्हणेल, बरं केलंत. तिनं बोटं मोजली. म्हणाली, "नऊ झाले. सभागृहात चार-पाचशे होते."

"आता त्यांना कुठं शोधू?"

"ते तुमचं तुम्ही बघा," म्हणाली आणि कूस बदलून झोपली. शांत झोपली.

त्या थंडीत ती गेली. टेम्पोवाल्यानं धंदा बंद ठेवून तिला नेलं, सलूनवाल्यानं माझी दाढी घरी येऊन केली. मला माणसं चांगली मिळाली. हे मी आता मोठ्यानं सांगायला शिकलोय, आणि शिकवलं तिनं. ती नसती तर मी टाळ्यांवरच म्हातारा झालो असतो.

तेव्हा त्या सत्काराला जे होते, त्यांनी ऐकावं. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. इराकच्या एका माणसानं स्वतःचा जीव धोक्यात घालून मला वाचवलं, म्हणून मला पुढं बायकोबरोबर सतरा वर्षं मिळाली. त्याचं नाव मला माहीत नाही. तो जिवंत असेल तर सुखात असो. नसेल तर त्याच्या घरच्यांना माझा नमस्कार.