नस, कान आणि आखडलेली बोटं

"र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे आमवात, शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते.

आमचे हे जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. सकाळी दोन-दोन तास बोटं आखडलेली असत. मी ते दुःखाचंच समजत होते.

मुलगी मुग्धा पुण्याहून आली. "दाराचं कुलूप उघडत नाही, आणि म्हणे एकटी राहते! दिवाळीनंतर सरळ माझ्याकडे."

हिमायतनगरचं हे घर, यांची पुस्तकं सोडायची? मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. सूज जरा उतरली, पण मूठ मिटेना. मग जवळच, सिकंदराबादच्या इस्पितळात डॉक्टरांनी चालू असलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. "नस को हलका करंट देंगे."

सिस्टरने बोलावताच मी बाही सारून हात पुढे केला. नस म्हणजे रक्त काढणार, हेच डोक्यात. ती खुदकन हसली. "हात नक्को अम्मा, कान दो!"

आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. ही होती व्हेगस नर्व्ह. डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढली: मेंदू, गळा, हृदय, पोट. एक फांदी कानात. "व्हेगस म्हणजे भटकी. तिच्यातून संदेश गेला तर दाह कमी होऊ शकतो. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही."

"घशात आवंढा येतो, तो हिच्याच वाटेवर?" मी विचारलं.

त्यांनी रेघेवर गळ्यापाशी बोट टेकवलं. "हो. तिथूनच जाते."

मी त्या रेघेकडे बघत राहिले. आयुष्यभर वाचन केलं, आणि आपल्या आत एवढी लांब वाट आहे हे ठाऊक नव्हतं.

रोज कानाला क्लिप लावून बसायचं. बारीक मुंग्या येत. पाच आठवडे काही नाही. सहाव्यात यांच्या पुस्तकाचं पान उलटलं, आणि उलटून झाल्यावर कळलं, दुखलं नाही.

गोळ्या अजून चालूच आहेत. तुम्हीही परस्पर बंद करू नका. माझं एक बोट वाकडंच राहिलंय.

दिवाळीत मुग्धा तपासणीला सोबत आली. डॉक्टरांनी दोन बोटं पुढे केली. "दाबा." मी दाबली.

"अब्बा! जरा धीरे, अम्मा!" बोटं झटकत त्या हसून कळवळल्या.

परतताना रिक्षात मुग्धाने माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "राहा इथेच. पण रोज फोन करायचा."

घर येईपर्यंत तिने माझा हात घट्ट धरला होता. कितीतरी महिन्यांनी मला तिला 'सोड गं' म्हणावं लागलं नाही.