दोनच पाहुण्यांची अट

सुरगाण्याच्या आदिवासी डोंगरपट्ट्यातली प्रतिभा भोये नाशिकला सरकारी दवाखान्यात नर्स होती. हात हलका आणि आवाज असा खणखणीत, की वॉर्डाच्या या टोकाला तिने नुसतं नाव पुकारलं तरी त्या टोकाचा पेशंट निमूट गोळी गिळायचा. सत्त्याण्णव साली दिवाळीनंतर ती भाड्याचं घर शोधायला निघाली, तेव्हा मात्र हा आवाज दर दारात थोडा थोडा खाली येत गेला.

तोवर ती नर्सेसच्या होस्टेलात राहायची. तिथे बाहेरच्या कोणाला उतरायला मनाई. त्या पावसाळ्यात तिचे वडील चिमाजी मोतीबिंदू दाखवायला आले आणि लेकीला अडचण नको म्हणून गुपचूप एसटी स्टँडवर जाऊन झोपले. सकाळी तिला म्हणाले, "लय झकास झोप लागली पोरी. पंखा होता." तिने हसून चहा पाजला, पण त्याच दिवशी ठरवलं, की नाशकात आपलं एक दार पाहिजे.

घरं होती, पण प्रश्नही ठरलेले होते. लग्न झालंय का? रात्रपाळी असते का? गाव कोणतं? सुरगाणा म्हटलं की घरमालक नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, "कळवतो हां." इंदिरानगरात एका बाईंनी तर फ्लॅट दाखवून झाल्यावर तो भाड्याने द्यायचाच नाही असं सांगितलं. बाहेर 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत होती.

शेवटी दवाखान्यातल्या एका बाईंनी पंचवटीतल्या नानांचं नाव सुचवलं. नाना रामकुंडावर पौरोहित्य करत. नदीजवळच्या एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचे समोरासमोर दोन फ्लॅट होते. एकात ते आणि उत्तराकाकू राहत. दुसरा मुलासाठी, मयुरेशसाठी घेतलेला. पण तो पुण्याला नोकरीला लागला आणि फ्लॅटला कुलूप लागलं.

प्रतिभा गॅलरीत गेली. समोर गोदावरी, पलीकडे देवळांचे कळस, खाली भाजीवाल्यांची गडबड. तिला घर तिथेच आवडलं. आत येऊन तिने, कोणी विचारायच्या आधीच, सगळं सांगून टाकलं. लग्न नाही, रात्रपाळी आहे, गाव सुरगाण्याच्या पुढे.

नानांनी एकच प्रश्न विचारला. "पाहुणे येतात?"

"लय येतात," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

नानांचा चेहरा पडला. "हे बघा सिस्टर, आमचा जन्म पाहुण्यांत गेला. यजमान पहाटे येतात, दुपारी येतात, लेकराबाळांसकट येतात. माझ्या आजोबांपासून आमच्या घरात कोणी सलग झोपलेलं नाही. निदान समोरच्या दाराला तरी शांतता असू द्या. एका वेळी दोन पाहुणे. तिसरा नको. आणि घरात मटण-मच्छी नको."

काकू पदराआड हसत होत्या. प्रतिभाने दोन्ही अटी मान्य केल्या.

वर्षभर तिने त्या पाळल्याही. गावाकडून येणाऱ्यांत कोणाच्या पोटात दुखायचं, कोणाला रक्त तपासायचं असायचं. रुग्ण आणि सोबतीचा एक माणूस, एवढ्यांनाच ती घरी आणायची. बाकीचे दवाखान्याच्या व्हरांड्यात राहायचे आणि तिला घास गोड लागायचा नाही. तिची रात्रपाळी असली की काकू तिच्या पाहुण्यांना चहा नेऊन द्यायच्या. नानांना हे माहीत होतं की नव्हतं, देव जाणे.

मग तिच्या भावाला मुलगी झाली. लग्नाला नऊ वर्षं होऊन गेलेली. आख्ख्या पाड्याने आशा सोडली होती. बाळंतपण प्रतिभाच्याच दवाखान्यात झालं. बाळ-बाळंतिणीला ती घरी घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायला गावाकडून जीप यायची होती.

जीप आली. पण जीपमध्ये चिमाजी होते, प्रतिभाच्या दोन्ही काकू होत्या, शेजारचे मंगळूमामा आपली फुंकून वाजवायची पावरी घेऊन होते, टपावर पोरं होती. वाट पाहून पाहून झालेली पोरगी, तिला बघायला कोण मागे राहणार? शिवाय तांदळाचं पोतं, नागलीचं पीठ आणि टोपलीत एक कोंबडी. त्यात ड्रायव्हरने वर येऊन सांगितलं, "ताई, क्लच गेला. गाडी उद्याच निघंल."

प्रतिभा गॅलरीतून खालची डोकी मोजू लागली. चिमाजींना अट ठाऊक होती. ते हळूच म्हणाले, "घाबरू नको. आत बाळ-बाळंतीण, दोघंच. बाकीची जिन्यावर. आवाज नाय करायचे."

आणि खरंच, सगळी मंडळी एकेका पायरीवर ओळीने बसली, तिसऱ्या मजल्यापासून थेट खालपर्यंत, बाजारात बसावी तशी, टोपल्या मांडीवर घेऊन.

तेवढ्यात नाना रामकुंडावरून परत आले.

प्रतिभा वर कठड्याला धरून उभी होती. तिला दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. खालून आवाज आला, "राम राम, बाबा." मग थोडं वर, "राम राम, बाबा." पायरीपायरीवर कोणीतरी उठत होतं, भिंतीला चिकटून वाट देत होतं, हात जोडत होतं. सुरुवातीला नानांचा "राम राम" तुटक होता. पहिल्या मजल्यावर तो जरा मोकळा झाला. दुसऱ्यावर ते थांबले. "आजी, गुडघा दुखतो का? मग पायरीवर कशाला बसलात?"

वर पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. प्रतिभा म्हणाली, "नाना, महिनाअखेर घर सोडते. माझं चुकलं."

नानांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. टोपलीकडे बोट दाखवून त्यांनी चिमाजींना विचारलं, "ही काय कापायची?"

"नाय बाबा! अंड्यावर हाय ती. पोरीला पाळायला आणली."

"तिसऱ्या मजल्यावर?"

चिमाजींनी गंभीरपणे गॅलरीकडे पाहिलं. "जागा हाय की."

आधी समोरच्या दारातून उत्तराकाकू हसल्या. मग नाना हसले, आणि त्यांचं हसू जिन्यावरून पायरीपायरीने खाली उतरत गेलं. खालच्यांना कशाला हसायचं ते कळलंही नव्हतं.

"उत्तरा," नाना म्हणाले, "यजमानांच्या गाद्या काढ. माळ्यावर पडून कुबट वास लागलाय त्यांना. आणि सिस्टर, लोकांना जिन्यावर बसवून माझी अब्रू काढू नका. माझं दारही उघडंच आहे."

दिवस मावळायच्या आत गच्चीवर गाद्या पसरल्या. मंगळूमामांनी पावरीत फुंकर मारली, बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घालून फेर धरला आणि दोघींच्या मधे उत्तराकाकूंना ओढलं. काकूंचा पाय पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, मग चुकेनासा झाला. नाना मांडीवर बाळ घेऊन बसले होते. "हिचं नाव काय ठेवताय?" त्यांनी विचारलं. मंडळींनी तेही त्यांच्यावरच सोपवलं. खूप विचार करून त्यांनी आभा सांगितलं. कोंबडी दुसऱ्या दिवशी जीपमधून परत गेली.

प्रतिभा त्या घरात पुढे आठ वर्षं राहिली. दोन हजार तीनच्या सिंहस्थात नानांचे यजमान मावेनात, तेव्हा नानाच तिच्या दारात आले. "सिस्टर, तुमच्याकडे माणसं ठेवू का?" त्या महिन्यात तिच्या हॉलमध्ये इंदूरच्या बायका आणि सुरगाण्याच्या काकू शेजारी शेजारी झोपल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण गप्पा पहाटेपर्यंत ऐकू यायच्या.

मग तिने स्वतः मागून गावाकडच्या दवाखान्यात बदली घेतली. त्या आषाढात नाना-काकू तिच्याकडे राहायला गेले. भरल्या जीपमध्ये नाना दाटीवाटीने बसले आणि वाटेत प्रत्येक घाटाला काय म्हणतात ते शेजाऱ्याला विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभा ड्युटीवर निघाली. रस्त्याकडेच्या खाचरात भाताची लावणी चालली होती. बायकांच्या रांगेत नऊवारी खोचून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात उत्तराकाकू उभ्या होत्या. आठ वर्षांची आभा त्यांना रोपं देत होती आणि ओरडत होती, "आज्जी, वाकडं जातंय!"

"जाऊ दे गं," काकू म्हणाल्या, "उगवेल ना?"

बांधावर छत्री धरून बसलेले नाना म्हणाले, "उगवेल, पण वाकडं." सगळं खाचर हसलं. प्रतिभाने चपला काढून हातात घेतल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि पाच मिनिटांसाठी चिखलात उतरली.