चंद्र पाडताना घर हललं

मंडळी, आज घडलेलं लगेच लिहिते.

दुपारी पाम गावातल्या आमच्या घरी उद्याच्या तासाची तयारी करत होते. लॅपटॉपवर चंद्राची कक्षा दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. मुलांना दाखवायचं म्हणून मी चंद्राचा वेग कमी केला, तसा तो पृथ्वीकडे येऊ लागला. तो आदळणार एवढ्यात घरच हललं, भांडी वाजली. क्षणभर वाटलं, हे मीच केलं.

मी अंगणात पळाले. तिथे कळलं, हा भूकंपाचा धक्का होता, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आतच राहिल्यात.

परत धावले. त्या खाट घट्ट धरून होत्या. म्हणाल्या, "पळालीस ते बरं केलंस, मला नाय पळता येत. पन हाक तरी मारायची."

घाबरल्यावर तुम्हाला आधी कोण आठवतं? खरं सांगा.