पाहुण्याच्या खोलीतली शून्यं

या सदरात माझं लिखाण छापून येईल असं दोन वर्षांपूर्वी कुणी म्हणालं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. तेव्हा मीच संपादकांना एक लांबलचक पत्र धाडलं होतं – भुताखेतांच्या गोष्टी छापून तुम्ही गरिबाच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवताय, हे सदर बंद करा. पत्र त्यांनी छापलं नाही, सदरही बंद केलं नाही. आता त्याच पत्त्यावर हे पाठवतोय.

माझे वडील, म्हणजे अण्णा, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर. शाळेत जायच्या आधीच मी पत्रकांवर वाचायला शिकलो. बोनसची पत्रकं, भाववाढीची पत्रकं, ‘अंगात येणं हे ढोंग आहे’ असली पत्रकं... देव, भूत, नजर, करणी यांतलं मी काही मानलं नाही, आजही मानत नाही. खाली जे आहे ते घडलं तसं लिहितोय. त्याचा सोयीचा अर्थ काढायचा हक्क मी कुणाला दिलेला नाही – स्वतःलासुद्धा नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षाची गोष्ट. सोलापुरातल्या एका गिरणीनं – नाव लिहीत नाही – मुंबईहून एक जुना कॉम्प्युटर विकत आणला आणि मी तिथं ऑपरेटर म्हणून लागलो. युनियनच्या ऑफिसात माझं स्वागत ठरलेलं असायचं.

“या पुजारीबुवा! आज तुमच्या यंत्रानं किती जणांची भाकरी खाल्ली?”

मी म्हणायचो, यंत्र भाकरी खात नाही, मालक खातो. ते म्हणायचे, मग मालकाचं ताट वाढणारा तू कोण?

यंत्र काही सारा वेळ गिरणीच्या पगारात गुंतलेलं नसायचं. म्हणून उरलेला वेळ बाहेरच्यांना भाड्यानं दिला जाई. श्रीपूरच्या साखर कारखान्याकडून उसाच्या वजनाची, भोकं पाडलेली कार्डं यायची, आणखीही कुणीकुणी यायचं. मुंबईच्या इंजिनियरनं त्यासाठी एक प्रोग्रॅम बसवून दिला होता. एकाच यंत्रात वेगवेगळी यंत्रं आहेत असा भास तो निर्माण करी. बाहेरून आलेल्या प्रत्येक कामाला वाटावं की अख्खं यंत्र आपलंच. या कामांना आम्ही ‘पाहुणे’ म्हणायचो, आणि सगळ्यांना जागा वाटून देणाऱ्या त्या प्रोग्रॅमला ‘यजमान’.

प्रत्येक पाहुण्याला मेमरीतली एक खोली मिळे. आमच्या यंत्राची मेमरी म्हणजे तारांच्या ताण्याबाण्यात ओवलेले चुंबकाचे बारीक बारीक मणी. वीज गेली तरी त्यांवर लिहिलेलं पुसत नसे. म्हणून पाहुणा गेला की त्याची खोली धुवायची, म्हणजे सगळीकडे शून्यं भरायची, आणि मगच ती दुसऱ्याला द्यायची. हे काम माझं. पाहुणा आत असताना खोलीला कुलूप असे, त्यामुळे एका पाहुण्याला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नसे. पण यजमानाला हे कुलूप लागू नव्हतं. त्याच्याकडे सगळ्या किल्ल्या. आतून लावायची कडी कुठल्याच खोलीला नव्हती, आणि ज्याच्या हाती यजमान त्याला सगळं उघडं.

त्या वर्षी एक डॉक्टरीणबाई गिरणी कामगारांच्या छात्या तपासत होत्या. कापसाच्या धुळीनं फुप्फुसं धरतात. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच पाळीला छाती आवळते, हे कामगारांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. कागदावर मात्र कुणी आणलं नव्हतं. बाई प्रत्येक माणसाचं एक कार्ड करत. त्यावर बिल्ला नंबर, खातं, नोकरीची वर्षं आणि श्वासाचं माप. बिल्ला नंबर हवाच होता, कारण पुढं त्याच माणसाला पुन्हा तपासायचं होतं. कार्डांवरून हिशेब काढायला त्यांनी आमच्याकडे वेळ घेतला. भाडं मिळतंय म्हटल्यावर गिरणीनंही आधी काही विचारलं नाही.

आमच्या घरासमोर नरसक्का राहते. सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात बदली कामगार – कायम कामगार आला नाही तर हिला काम, नाहीतर गेटवरून परत. नवरा पूर्वी माग चालवायचा, आता त्याचे हात थरथरतात. घरात मिळवती ती एकटी. तिला तपासायला जा म्हणून मीच मागं लागलो होतो.

“आन् माझा बिल्ला सायबानं बगितला तर?”

“कुणी बघणार नाही, अक्का. मी आहे ना तिथं.”

“तू हाईस म्हणूनच इचारते. तू लई बोलतोस.”

“खोकणारा बदली त्यांना नकोच असतो, माहीत आहे मला. म्हणूनच सांगतो, नंबर बाहेर जाणार नाही. शब्द देतो.”

“शब्दावर चूल पेटत न्हाय रे,” ती म्हणाली. पण गेली, आणि बिल्ला नंबर दिला.

ज्या दुपारी बाईंचं काम यंत्रावर चढलं त्या दुपारी सगळी कार्डं वाचून झाली होती आणि हिशेब सुरू होता. तेवढ्यात मॅनेजरच्या केबिनमधून बाईंना चहाचं बोलावणं आलं. त्यांनी कार्डांचा डबा काखेत मारला आणि गेल्या. डबा त्या कधीच मागं ठेवत नसत. त्यांची पाठ वळताच गिरणीचे लेबर ऑफिसर आत आले. सोबत आमचे इनचार्ज पाटणकर.

“त्या बाईंचं जे काय आत आहे ते छापून द्या,” लेबर ऑफिसर म्हणाले.

मी म्हणालो, “नाही देता येणार, साहेब. ते पाहुण्याचं आहे.”

“पाहुणा कुणाच्या घरात उतरलाय?”

“तुमच्या. म्हणून काय त्याची पेटी उचकटायची?”

“पाटणकर, हे ऑपरेटर आहेत की पुढारी?”

“वय आहे साहेब,” पाटणकर म्हणाले. मग मला हळूच, “दत्तू, ऊठ. तुझ्या हातून नको तर नको. मी करतो.”

मी खुर्चीवरून उठलो नाही. पाटणकरांनी ती माझ्यासकट बाजूला सरकवली, उभ्या उभ्याच कन्सोलवर हुकूम टाइप केला आणि प्रिंटर खडखडू लागला. मी नरसक्काचा नंबर कागदावर यायची वाट पाहत होतो. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

कागदावर शून्यं आली.

पहिलं पान शून्यं. पुढचं पानही शून्यं... खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती शून्यं.

“हे काय?” ऑफिसरनी विचारलं.

पाटणकरांनी पुन्हा हुकूम दिला. पुन्हा शून्यं. मग खात्री करायला त्यांनी गिरणीच्या स्वतःच्या खोलीतला थोडा भाग छापून पाहिला. तिथले पगाराचे आकडे व्यवस्थित आले. म्हणजे प्रिंटर ठीक, हुकूम ठीक. पाहुण्याची खोली तेवढी कोरी.

“दत्तू, खोली धुतलीस तू?”

“माझा हात कन्सोलला लागलाय का? तुम्हीच उभे आहात तिथं.”

पाटणकर ऑफिसरकडे वळले. “काम मेलं साहेब. आत काही उरलेलं नाही.”

“मेलं ना? मग उत्तम,” ऑफिसर म्हणाले आणि शून्यांचे कागद तिथंच टाकून निघून गेले.

चहा पिऊन बाई परत आल्या. त्यांना हे कसं सांगावं याचा मी विचार करत होतो, एवढ्यात प्रिंटर आपणहून सुरू झाला. कोष्टकं येऊ लागली. खात्यावार माणसं, नोकरीच्या वर्षांबरोबर घसरत जाणारा श्वास, आणि शेवटी पुन्हा तपासायच्या माणसांचे बिल्ला नंबर. बाईंनी कागद फाडून घेतले, घडी केली, डब्यात ठेवले.

“काय झालं? चेहरे असे का?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी घरी जाऊन बरीचशी कार्डं हातानं ताडून पाहिली. हिशेबात चूक नव्हती.

आता अडचण कुठं आहे ते सांगतो. त्या खोलीत नुसती कार्डांवरची माहिती नव्हती. तिचं काय करायचं हे सांगणारा बाईंचा प्रोग्रॅमही तिथंच होता. शून्यांवर प्रोग्रॅम एक पाऊलही चालत नाही. आम्हाला जे दिसलं ते खरं असेल, तर त्या वेळी आत मोजण्यासारखंही काही नव्हतं आणि मोजणारंही कुणी नव्हतं. तरी काम पुरं झालं.

पाटणकरांनी काही केलं असेल का? ही शंका मला सगळ्यांत आधी आली. मी त्यांना सरळ विचारलं.

“मी?” ते म्हणाले. “मला ते छापून हवं होतं रे. साहेबांपुढं उभं राहायचं होतं मला, तुला नाही. आणि हे बघ, काम मेलं असं मी सांगून बसलोय. आता ते मेलेलंच राहू दे.”

मुंबईचा इंजिनियर आला तेव्हा त्याला विचारलं. यजमानापासून मेमरी लपवायची सोयच या यंत्रात नाही, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. त्यानं स्वतः एक पाहुणा चढवला आणि माझ्यासमोर त्याची खोली छापून दाखवली. अक्षर न् अक्षर आलं. “तुम्ही चुकीच्या खोलीचा पत्ता दिला असेल,” तो म्हणाला. शून्यांच्या कागदांवर पत्ते छापलेले होते. मी ते त्याला दाखवले. त्यानं दोनदा पाहिले आणि चहा मागवला.

युनियनमध्ये मात्र आनंदीआनंद. ‘यंत्रसुद्धा कामगाराच्या बाजूनं उभं राहिलं’ असं पत्रक काढायचं ठरलं आणि ते मी लिहायचं. मी नाही म्हणालो. चमत्कार आपल्या बाजूचा असला म्हणून तो खरा होत नाही. आणि समजा खरा असला, तरी कामगाराची नोकरी चमत्काराच्या भरवशावर ठेवायची? त्यापेक्षा ‘भाड्यानं दिलेल्या खोलीला आतून कडी पाहिजे’ एवढी मागणी लिहू, असं मी म्हटलं. त्यावर सगळे हसले. मोठ्या प्रेमानं हसले, म्हणून राग जास्त आला.

नरसक्काचं म्हणणं वेगळंच.

“देवीनं झाकलं,” ती म्हणाली.

“अक्का, देवीला कॉम्प्युटर कळतो का?”

“तुला तरी कुटं कळला?”

ती अजून वाइंडिंगमध्येच आहे, अजून बदलीच. बाईंचा अहवाल वर गेला आहे. धूळ ओढणारे पंखे बसवू, असं गिरणी म्हणते.

गेल्या आठवड्यात बाईंची दुसरी तपासणी सुरू झाली. आदल्या संध्याकाळी नरसक्का आमच्या उंबऱ्याशी आली. आवाज पहिल्यापेक्षा बसलेला.

“दत्ता, या बारीला बी देऊ का नंबर?”

पहिल्या वेळी मी चटकन शब्द दिला होता. तेव्हा मला सगळं कळतं असं वाटत होतं. आता यंत्र तेच, यजमान तोच, ऑफिसर तेच; आणि त्या दुपारी नंबर कसे बचावले हे मला माहीत नाही. जे मला माहीत नाही त्याच्या जोरावर मी तिला हो कसं म्हणू?

“नको, अक्का,” मी म्हणालो. “कडी नाही बसवलेली अजून. मी शब्द देऊ शकत नाही.”



“मागल्या बारीला तरी कुटं व्हती?” असं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी पाहिलं. बाईंच्या दवाखान्याबाहेरच्या रांगेत ती उभी होती, बिल्ला हातात धरून.