अर्ध्या मिनिटाची शांतता

भूतवाली दुपारी अडीच वाजता भुतं काढायची. ऐकणाऱ्यांना हे कळलं असतं तर निम्म्यांचा हिरमोड झाला असता. त्यांना वाटायचं, बाई मध्यरात्री मेणबत्ती लावून बसत असणार. पण तिच्या इमारतीत जरा शांतता असायची ती अडीच ते चार. मोठी माणसं कामावर, पोरं शाळेत आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जेवून आडवे झालेले. मग ही दाराला जाड रजई टांगायची, कपाटाला पाठ लावून माइकसमोर बसायची आणि भर उन्हात लोकांच्या अंगावर काटा आणायची.

तिचं खरं शिक्षण दातांच्या दवाखान्यात झालं. अठरा वर्षं ती तिथे नावं लिहून घ्यायची आणि समोरच्या बाकावरची माणसं न्याहाळायची. आत खुर्चीत बसल्यावर माणूस फारसा घाबरत नाही, त्याची गाळण उडते ती बाहेर आपलं नाव पुकारण्याची वाट बघताना, हे तिला तिथे कळलं. तेवढ्या भांडवलावर तिने एका साप्ताहिकात भयकथा लिहिल्या. दोन पुस्तकं आली, दुकानात धूळ खात पडली. मग सेहेचाळिसाव्या वर्षी, लोक नातवंडांची स्वप्नं बघतात त्या वयात, हिने पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवलं 'दार लोटलेलं'. चार वर्षांत एकशे बेचाळीस भाग झाले. तुमच्यामुळे मी अंघोळीला दार उघडं ठेवून जातो, असं एका गृहस्थांनी कळवलं, तेव्हा ती दिवसभर खुशीत होती.

घरात दोघीच. ही आणि हिची थोरली बहीण. खोल्याही दोनच. आतल्या खोलीत ही, बाहेरच्या खोलीत ताई शिलाई मशीनवर पडदे शिवायची. शेजारपाजारचे 'भूतवाली आणि पडदेवाली' असंच म्हणायचे.

ताईला दोन खोडी होत्या. एक म्हणजे काम करताना ती गुणगुणायची. ओळ एकच, तीही सुरात नाही. दुसरी, ती भुताला जाम घाबरायची, आणि मधली भिंत पातळ असल्याने प्रत्येक कथा तिला ऐकावीच लागायची.

"एवढी घाबरतेस तर कानात बोळे घाल की," धाकटी म्हणायची.

"बोळे घातले तर मागून कोण आलं ते कळायचं कसं?"

भुतांचे आवाज मात्र तीच करून द्यायची. कफन फाटतं ते ताईचं अस्तर, नखं वाजतात त्या ताईच्या टाचण्या. "चांगलं अस्तर वाया घालवतेस," असं कुरकुरत ती माइकसमोर ते टराटरा फाडायची आणि लगबगीने उजेडात पळायची. वाचन चालू असताना ती मशीन बंद ठेवून हातशिलाई करायची, तरी मधेच गुणगुण निसटायचीच. भूतवाली ती नंतर तांदळातले खडे वेचावेत तशी वेचून काढून टाकायची. "तुझ्या गाण्यामुळे माझी चेटकीण लग्नघरात आल्यासारखी वाटते," असं वर सुनवायची.

आणखी एक काम असायचं. प्रत्येक भागाआधी अर्धं मिनिट नुसत्या खोलीचा आवाज टिपून ठेवावा लागतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कथेत एखादा शब्द कापला, की त्या जागी ही शांतता चिकटवायची, नाही तर ऐकणाऱ्याला मधेच खड्डा लागतो. त्या अर्ध्या मिनिटापुरतं आतून फर्मान सुटायचं, "ताई, गप्प." बाहेर सगळं थांबायचं. तिसाव्या सेकंदाला भूतवाली बटण दाबायची, आणि त्याच क्षणी पलीकडून विचारणा व्हायची.

"झालं का गं?"

"झालं."

"श्वास घेऊ?"

"घे."

गेल्या हिवाळ्यात तीन आठवड्यांच्या आजारात ताई गेली. इस्पितळात शेवटी शेवटी म्हणाली, "मी येईन म्हणून वाट बघू नकोस हं. मला घाबरवायला जमायचं नाही."

"मग न घाबरवता ये," धाकटी म्हणाली. ताई हसली, आणि तिला खोकल्याची उबळ आली.

त्यानंतर भूतवालीला एकच गोष्ट हवी होती, ताईचा आवाज. बाकी सगळं घरात होतं, चष्मा, कात्री, अर्धा राहिलेला पडदा. पण एका घरात राहणाऱ्या बहिणी एकमेकींना फोन कशाला करतील? फोटोंत तर ताई तोंड मिटून उभी. म्हणून तिने सगळे भाग उघडले आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिचे कान किटले. गुणगुण औषधालाही सापडली नाही, इतकी ती चोख काढलेली होती. कच्चं रेकॉर्डिंग तर जागा अडवतं म्हणून तिने कधीच पुसून टाकलं होतं. उरल्या होत्या फक्त शांततेच्या फाइली, कारण त्या लहान होत्या.

त्या एकशे बेचाळीस फाइली तिने चार दुपारी बसून ऐकल्या. एकदा तरी आपलं बोट रेंगाळलं असेल, एकदा तरी 'झालं का गं' आत शिरलं असेल, एवढीच आशा होती. पण प्रत्येक वेळी बटण वेळेवर दाबलेलं. स्वतःच्या शिस्तीचा इतका राग तिला जन्मात आला नव्हता.

ताई मात्र त्या प्रत्येक फाइलीत होती. पलीकडे मशीनच्या चाकावर हात ठेवून, श्वास रोखून, धाकटीचं काम बिघडू नये म्हणून बसलेली. सगळी मिळून एकाहत्तर मिनिटं. त्यातलं एक मिनिट तरी आपण तिला गाऊ द्यायला हवं होतं, असं भूतवालीला वाटलं आणि ती खूप रडली.

उन्हाळा लागला तसा ऐकणाऱ्यांनी नव्या भागासाठी धोशा लावला. कथा लिहून झाली. अडीच वाजता तिने रजई टांगली, माइक लावला. बाहेर मशीनवर चादर टाकलेली होती. सवयीने तोंडात आलं ते तिने म्हणून टाकलं, "ताई, गप्प."

दहा सेकंद झाले, वीस झाले, तीस झाले. तिने बटणावरचं बोट उचलून घेतलं. एकशे बेचाळीस भुतं लिहून तिचा एकावरही विश्वास नव्हता. तरी दवाखान्याच्या बाकावरच्या माणसांसारखी ती बसून राहिली, कान बाहेरच्या खोलीकडे लावून. एक मिनिट गेलं, दहा गेली. खालचे मास्तर उठून खाकरले. मग पोरं शाळेतून आली आणि जिना दणाणला. ती हलली नाही. रेकॉर्डिंग चालूच होतं.

चार वाजून गेले तेव्हा कुठे तिने बटणाकडे हात नेला. पण दाबण्याआधी बाहेरच्या खोलीला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाली, "झालं गं ताई. घे श्वास."